सहाच्या खोलीत अकरा

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आमचा सगळा मजला फूटपट्टी म्हणतो. तोंडावर नाही हं, तेवढी कुणाची छाती नाही. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात त्या चादरींच्या घड्या घालतात, बावीस वर्षं झाली. टोकाला टोक जुळलं पाहिजे, नाहीतर त्यांच्या भाषेत ती घडी नव्हे, बोचकं. ही खोड घरीसुद्धा जात नाही. नवीन डबा आणायचा म्हटला तरी आधी फळीवर वितीने मापून बघतील, मग दुकानात जाऊन डब्यावर वीत टाकतील, आणि दुकानदार हसला तर त्याच्याकडे असं बघतील की बिचारा दोन रुपये कमी घेईल.

पण खरं सांगते, ही बाई मापात चोख नसती तर आमचं घर चाललंच नसतं. खोली दहा फूट बाय बारा. आणि आम्ही माणसं अकरा. मामंजी आणि सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई, त्यांची दोन मोठी मुलं, मग आमचे हे, मी आणि आमची तीन. मोजून बघा, अकराच भरतील. आता ह्यातली सहा कागदावर होती आणि पाच नव्हती. नव्हती ती पाच म्हणजे आम्ही.

त्याचं असं झालं, की खोलीचा करार नव्याने लिहिला तेव्हा आमचे हे परगावी रंगकामाला होते. तेव्हा घरातल्या सहा जणांची नावं लागली. मालकाचा नियम असा की एका खोलीत सहा डोकी, सातवं दिसलं की खोली खाली करायची. आणि नुसतं लिहिण्यापुरतं नाही बरं का. खालच्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड पाहुणी आलेल्या बहिणीपायी दोन दिवसांत बाहेर काढलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे हे परत आले, आमचं लग्न झालं, आणि मी माप ओलांडलं त्या दिवसापासून ह्या घरात चोरून राहणारी सून झाले. बारा वर्षं!

मालकाचा मुकादम महिन्यातून दोनदा-तीनदा फेरी मारायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, सांगून कधीच नाही. पण आमचे मामंजी दिवसभर जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलेले असत. मुकादमाच्या किल्ल्यांचा जुडगा खाली वाजला की मामंजी तीनदा खोकायचे. एकदा खोकले तर खरा खोकला, तीनदा खोकले तर पळा. हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही जाणून होतं. हे घरी असले तर गच्चीवर. मी आणि पोरं शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंकडे. तिथे वीस-पंचवीस मुलं कायम पाढे म्हणत बसलेली, त्यात माझी तीन मिसळली की ओळखणार कोण? जाता जाता आमच्या पाच जोड चपला बादलीत, वर ओलं फडकं. आमची वळकटी पेटीत, पेटीवर सासूबाई बसलेल्या. सगळं मिनिटाच्या आत. मुकादम दारात येईपर्यंत घर कसं, सज्जन सहा माणसांचं. अळीमिळी गुपचिळी.

पोरांच्या शाळेत पत्ता दिलेला तोही माझ्या मावशीचा. यांच्या कामाच्या ठिकाणी पत्ता मित्राचा. दवाखान्यात तिन्ही बाळंतपणं झाली, तिथेही मावशीचाच. जाऊबाईंनीच सांगून ठेवलं होतं, "आपल्या खोलीचा नंबर लिहायचा नाही म्हणजे नाही, कागद बोलतात." त्यांचं चुकलं असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

मग ती नोटीस आली. इमारत धोक्याची झालीय, पाडायची. मागच्या मोकळ्या जागेत नवी उभी राहतच होती, तिथे सगळ्यांना खोल्या मिळणार. नगरपालिकेचा माणूस येऊन घरोघरची डोकी मोजणार. सहापर्यंत एक खोली, सात किंवा जास्त असतील तर शेजारशेजारच्या दोन. आणि शेवटी एक ओळ, यादीत नाव नसलेल्या कुणालाही नव्या इमारतीत राहता येणार नाही, दारावर पहारेकरी असेल. करार आता नगरपालिकेशी, मालकाचा संबंध संपला. म्हणजे बारा वर्षं ज्याची भीती, तेच आता आम्हाला हवं होतं. मोजा बाबांनो, भरपूर मोजा!

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे काय हसणं-खिदळणं झालं, विचारू नका. सासूबाईंनी दुसऱ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी तेही ठरवून टाकलं. जाऊबाई म्हणाल्या, "गुरुवारी मोजणी आहे. गुरुवारी कुणीही कामावर जायचं नाही. अकराच्या अकरा दारात उभे राहायचे. आणि चपला बाहेर, ओळीने."

मोजणी आली मंगळवारी.

जाऊबाई धुलाईखान्यात, दीर वखारीत काट्यावर. हे योगायोगाने घरी. मी काज करत बसलेले, कारखान्यातून शर्टांचा गठ्ठा घरी आणते मी. आणि मोजणीवाल्या साहेबांना आमचा जिना दाखवायला पुढे कोण? तर मुकादम! किल्ल्या वाजल्या. मामंजी तीनदा खोकले.

अहो, पुढचं काय सांगू! हात आपोआप चालले. मी स्वतः, ह्या हातांनी, पाच जोड चपला बादलीत टाकल्या. फडकंसुद्धा ओलं करून घेतलं. हे गच्चीवर पसार. मी पोरांना ओढत शिकवणीत. तिथे जाऊन सुईत दोरा ओवते न ओवते तोच तेराचा पाढा सुरू झाला, आणि तेरा सत्ते एक्क्याण्णवपाशी माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! मुकादमाबरोबर दुसराही पायरव होता. हा तर मोजणीवाला!

धावले तशीच. ते लोक जिना उतरत होते. मामंजींनी "घरात कोण कोण?" ह्या प्रश्नाला बारा वर्षं घोकलेलं उत्तर दिलं होतं, "सहा, साहेब, कागदावर आहेत तेवढीच," आणि खाली सहीसुद्धा केली होती. मी साहेबांना गाठलं. ते थांबले, म्हणाले, "बोला बाई. तुम्ही कोण?" मी तोंड उघडलं आणि साहेबांच्या खांद्यामागे मुकादम दिसला. किल्ल्या बोटावर फिरवत माझ्याकडे बघत होता.

"मी..." म्हटलं, "मी शिकवणीला आले होते. मुलांना न्यायला."

बरं म्हणून साहेब गेले. मी तिथेच जिन्यात बसले आणि कपाळ बडवून घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं ऐकली होती, पण इथे धोंडा मामंजींनी उचलला आणि वरून मी उडी मारली.

जाऊबाई तीनला घरी येतात. त्या दिवशी आल्या तर मामंजी भिंतीकडे तोंड करून रडत बसलेले, सासूबाई त्यांना वाट्टेल तसं बोलत असलेल्या, मी चुलीशी तोंड लपवून. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता जीभ सुटते. चिडल्या की त्या जेवढं बोलतात तेवढं ऐकायला दोन कान पुरत नाहीत. पण त्या मामंजींना पाणी देऊन म्हणाल्या, "तुम्ही खोकलात म्हणून ही पाच माणसं बारा वर्षं इथे राहिली. आता एक वेळ चुकलं. माणसं चुकतात. पुन्हा मोजायला लावू."

रात्रीची जेवणं झाल्यावर मोठे दीर घसा खाकरून म्हणाले, "सहा तर सहा. जे झालं ते झालं. नवी खोली आपल्याला सहा जणांना ऐसपैस होईल. मुलं मोठी झाली, त्यांच्या अभ्यासाला जागा होईल. धाकट्याने आता आपलं बघावं. रंगारी आहे, हाताला काम आहे, कुठेही राहील."

कुठेही राहील! ह्या शहरात रंगाऱ्याला कुठेही म्हणजे कुठे, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. शहराच्या कडेला, जिथून कामावर जायला अडीच तास. पोरांची शाळा सुटली, माझे काज सुटले. आमचे हे खाली मान घालून बसले. मोठ्या भावापुढे ह्यांची मान कधी वर झालीय? मी मात्र तोंड उघडणार होते, आणि उघडलं असतं तर त्या रात्री घराचे दोन तुकडे तिथेच पडले असते. पण जाऊबाई माझ्याआधी बोलल्या.

"वजनकाटा वखारीत ठेवून येत जा," त्या दिरांना म्हणाल्या. "घरात माणसं तोलायची नाहीत."

मनात आणलं असतं तर जाऊबाईंनी त्या रात्री नुसती मान हलवायची होती. लग्नानंतर पहिल्यांदा जरा ऐसपैस घर मिळालं असतं त्यांना. हे मी विसरत नाही आणि विसरणारही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटे पाचला कामावर, अडीचला सुटलं की तडक नगरपालिकेत. तिथला खिडकीतला कारकून म्हणजे नुसता बोलघेवडा. पहिल्या दिवशी म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांनी सही करून सहा सांगितलेत, आता पाच कुठून उगवले?" दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. कारकून म्हणाला, "पुरावा आणा. शाळेचा दाखला?" त्यावर मावशीचा पत्ता. "जन्माचा दाखला?" मावशीचा पत्ता. "नवऱ्याचं कामाचं पत्र?" मित्राचा पत्ता. एकेक कागद पुढे सरकवताना माझ्याच हाताला लाज वाटत होती. आम्ही इथे राहतो ह्याची एकूण एक खूण आम्ही स्वतः पुसून ठेवली होती, आणि पुसायचं कामही कसं, अगदी घासूनपुसून!

"मावशीकडेच राहता की मग," कारकून हसून म्हणाला. "बाई, दोन खोल्यांचं कळल्यापासून सगळ्यांच्याच घरी माणसं वाढायला लागलीत. परवा एकाने तर वऱ्हाडच आणून बसवलं होतं, चौदा जण, आणि कोण कुणाचा हेच एकाला सांगता येईना. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

जाऊबाई म्हणाल्या, "साहेबांना भेटायचंय."

"साहेब कामात आहेत."

"मी उभी आहे."

"संध्याकाळ होईल."

"होऊ दे. उभं राहायचाच पगार घेते मी, बावीस वर्षं."

त्या दिवशी दार बंद होईपर्यंत उभ्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा मला घेऊन तिथेच उभ्या. ना आवाज चढवला, ना रडल्या. नुसत्या खिडकीसमोर, कारकुनाच्या नजरेच्या रेषेत. माणूस किती वेळ दुसरीकडे बघणार? साडेपाचला मोठे साहेब स्वतः बाहेर आले, मंगळवारच्या मोजणीवाल्यांचे वरिष्ठ. पन्नाशीचे, दमलेले, सज्जन दिसत होते. म्हणाले, "शनिवारी अकराला येतो. पण आधीच सांगून ठेवतो, माणसं बाहेरून आणलेली आहेत असं दिसलं तर खोटी माहिती म्हणून तुमचं सगळंच नाव कापलं जाईल. त्या सहा जणांचंही. पुन्हा विचार करा."

मी तर गारच पडले. इकडे आड, तिकडे विहीर. जाऊबाई म्हणाल्या, "विचार झालाय. या."

घरी येऊन हे सांगितल्यावर दिरांचा संताप काय वर्णावा! "आपलं आहे ते घालवून बसणार तुम्ही! दुसऱ्यांच्या पायी माझ्या पोरांना रस्त्यावर आणणार!" भांडी आपटली, जेवले नाहीत. जाऊबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "शनिवारी घरी थांबायचंय. तेवढं करा, मग वर्षभर बोलू नका माझ्याशी."

मी म्हटलं, "जाऊबाई, सगळ्यांना काय बोलायचं ते शिकवून ठेवूया का?"

"शिकवलेलं लगेच कळतं," त्या म्हणाल्या. "कुणीही काही घोकायचं नाही. विचारतील ते खरं सांगायचं." आणि जरा थांबून हसल्या, "जमेल ना तुला, धाकटे?"

शनिवारी अकराला साहेब आले, मागोमाग मुकादमही आला. त्याचं खरं तर आता काही काम नव्हतं, पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला? किल्ल्या वाजल्या, आणि मामंजींनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. आम्ही अकरा जण दारात.

साहेब आत आले. खोली बघितली, फीत काढून लांबी-रुंदी मापली. खाट, खाटेखालची जागा, भिंतीवरची फळ्यांची माडी, ओटा, मोरी. मग फीत गुंडाळत शांतपणे म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं खोल्या मोजतोय. दिवसा अकरा माणसं दारात उभी करता येतात. पण ह्या जमिनीवर ती रात्री आडवी होऊ शकत नाहीत. जागाच नाही. सामान वजा केलं तर सहा, फार तर सात."

"मावतात," जाऊबाई म्हणाल्या.

"कशी?"

"दाखवते."

मग आमच्याकडे वळल्या. "अंथरुणं घाला. पडा."

सासूबाई एकदम लाल झाल्या. "काहीतरीच काय! भर दिवसा, परक्या पुरुषांसमोर आडवं व्हायचं? मी मेले तरी होणार नाही!"

"आई," जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा धाकटा घरातून जाईल." बस, एवढंच. सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्याच सर्वांत आधी भिंतीशी जाऊन पडल्या. तोंड भिंतीकडे करून.

पुढचं मी रोज करते, पण बघितलं त्या दिवशी. मोठी दोन मुलं ओट्यावर पाय देऊन माडीवर चढली, एक उशाकडे, एक पायथ्याकडे, मध्ये पेटी. माझी दोन मोठी सरपटत खाटेखाली गेली, डोकी बाहेर. मामंजी खाटेवर, पाय दुमडून, कारण पायथ्याशी पिठाचा डबा. सासूबाईंना लागून मी, माझ्या पोटाशी आमची धाकटी. मग हे, डावी कूस, कारण उजव्या कुशीला खांदा दिरांना लागतो. शेवटी दीर. बोलत नव्हते, गाल फुगलेले, पण पडले. न बघता त्यांनी दोन्ही पाय ओट्याच्या खालच्या कप्प्यात सारले आणि दोन पातेली पायानेच आत ढकलली. एक शब्द नाही, एक धक्का नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं तर दीड मिनिट झालं होतं.

मुकादम म्हणाला, "शिकवून ठेवलंय, साहेब. चार दिवस होते की."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून ह्यांना उठवून बसवलं. "रात्री बाहेर जायचं तर कसं जाता? दिवा लावता?"

"छे," हे म्हणाले, "सगळे उठतील की."

"मग तसंच जाऊन दाखवा." आणि साहेबांनी स्वतः ह्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

माझा जीव मुठीत. आमचे हे तसे धांदरट, दिवसाउजेडी दाराच्या चौकटीवर डोकं आपटणारे! पण उठले, आणि चालले. डावा पाय दिरांच्या गुडघ्यापलीकडे, उजवा माझ्या उशीच्या कोपऱ्याशी, मग खाटेचा पाय हाताने चाचपून पोरांच्या दोन डोक्यांच्या मधून. खाटेखालून धाकट्या लेकाने सवयीने हात आत ओढून घेतला, ह्यांचा पाय यायच्या आधी. दहा पावलं, कुणाच्या केसालाही धक्का नाही. दारापासून हातभर अंतरावर येऊन हे थांबले. नुसते थांबले.

साहेब म्हणाले, "काय झालं? दार पुढेच आहे."

"हो," हे म्हणाले, डोळ्यांवर रुमाल तसाच. "वहिनी उघडतात ना. वहिनी, उघडा."

जाऊबाई मोरीपाशी उभ्या होत्या. साहेबांनी रुमाल सोडला, ह्यांना जागेवर पाठवलं आणि बोट दाखवत मोजायला लागले. माडीवर दोन. खाटेवर एक, खाली दोन. जमिनीवर पाच. "दहा." मग जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही? तुमची जागा कुठली?"

मी पडल्या पडल्या इकडेतिकडे बघितलं. अहो, खरंच, कुठे जागा? मी रोज आठलाच डोळे मिटणारी, जाऊबाई सगळ्यांच्या शेवटी दिवा घालवतात. "मी पडते दाराशी," एवढं त्यांनी कधीतरी सांगितलेलं. रात्री उठावं तर त्या आधीच उठून दार उघडून उभ्या असत. आम्हाला वाटायचं, काय सावध झोप आहे बाईची! आज उजेडात बघितलं तर दाराशी दिरांचं डोकं, आणि डोक्यापासून दारापर्यंत जेमतेम एक वीत.

जाऊबाईंनी मोरीजवळचा पाट उचलला, त्या वीतभर जागेत उभा सरकवला, दाराला पाठ लावून बसल्या, गुडघे छातीशी घेतले, हात गुडघ्यांवर. "ही," त्या म्हणाल्या.

"बसून?" साहेब म्हणाले. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

चार वर्षं. आमची धाकटी माझ्या पोटाशी पडून माझं बटण ओढत होती. तिला चार पूर्ण झाली आहेत. तिच्या आधी तिच्या जागेवर कोण झोपायचं ते मला तेव्हा आठवलं, आणि मला इतकी शरम वाटली, इतकी शरम, की जमीन फाटावी आणि मला आत घ्यावं. चार वर्षं मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि म्हणे मी शहाणी!

दीर उठून बसले. बायकोकडे बघत राहिले.

मुकादमाने मात्र उचलली जीभ, लावली टाळ्याला. "साहेब, नियम झोपणाऱ्यांचा आहे. बसलेलं माणूस मोजता येत नाही. म्हणजे एक खोटं सांगितलंच की ह्यांनी."

साहेब कागद हातात धरून घुटमळले. आणि जाऊबाई, तशाच बसलेल्या, काय म्हणाल्या माहीत आहे? "सहाच्या वर दोन खोल्या ना, साहेब? मग दहा लिहा. मला वगळा. पण ही दहा लिहा."

तेव्हा मात्र माझ्या डोक्याची शीर तडकली. पोरीला काखोटीला मारून उठलेच. "दहा लिहिलेत तर बघा!" म्हटलं. साहेबांना म्हटलं, मुकादमाला म्हटलं, सगळ्यांना. "नियम झोपणाऱ्यांचा आहे ना? मग ह्या झोपतील. आत्ता झोपतील, आणि तुम्ही बघाल!" जाऊबाईंचा हात धरून ओढलं. त्या "अगं, अगं धाकटे, कागद होऊ दे आधी" म्हणत राहिल्या. मी ऐकते की काय! माझ्या जागेवर नेऊन आडवं केलं. पाय सरळ केले. गुडघे सहज सरळ होत नव्हते, मला हाताने दाबावे लागले. मग त्यांचाच पाट घेऊन मी दाराशी बसले, मांडीवर पोर. "आता मोजा," म्हटलं. "मला नका मोजू पाहिजे तर. मी बसलेय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मुकादमाला म्हणाले, "तुम्ही खाली थांबा." आणि कागद ओट्यावर ठेवून लिहायला लागले. प्रत्येकाचं नाव, वय, नातं. मी सांगत होते, ते लिहीत होते. शेवटी आकडा घातला तो मी वाकून बघितला. अकरा. त्याच्या खाली, खोल्या दोन.

"सही लागेल," साहेब म्हणाले. "अर्ज मोठ्या बाईंचा आहे, त्यांचीच."

मी वळून बघितलं. जाऊबाई झोपल्या होत्या. पाठीवर, दोन्ही हात बाजूला टाकून, तोंड थोडं उघडं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचा झोपलेला चेहरा पहिल्यांदा बघत होते.

सासूबाई हळूच उठल्या. मग हे उठले. पोरं खाटेखालून आवाज न करता बाहेर आली, माडीवरची दोघं ओट्यावरून उतरली, मामंजींना दिरांनी हात देऊन उठवलं. एकेक करून सगळे बाहेर गेले आणि खोलीची सगळी जमीन त्यांना मोकळी झाली. दीर शेवटी निघाले. जाताना त्यांनी आपली चादर बायकोच्या अंगावर घातली, टोकाला टोक लावून.

साहेब कागद धरून उभेच होते. म्हणाले, "उठवा ना त्यांना. मला अजून दोन मजले आहेत."

"नाही उठवणार," मी म्हटलं. "थांबायचं असेल तर बाहेर थांबा."

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि आमच्याबरोबर बाहेर येऊन उभे राहिले. मी दार ओढून घेतलं.